आतड्यांच्या गाण्यांची सत्यप्रत

जोतीराम कुरणे यांना कोल्हापूरच्या कोर्टात भाषांतरकार म्हणून एकतीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात जिल्ह्यात जो कोणी वाईट मरणानं गेला, तो इंग्रजीत त्यांच्याच हातून गेला होता. इथं खटला चाले तो मराठीत. तो अपिलात मुंबईला गेला, की सगळे कागद इंग्रजी करून पाठवावे लागत. त्या गठ्ठ्यात प्रेताचा पंचनामा निघाला, की बाकीचे दोघे भाषांतरकार चहाला उठत आणि कुरणे टोपण काढून पेन पुसायला घेत. इसम मलकापूरच्या रानात सापडलेला असो, नाहीतर कुरुंदवाडच्या घाटाला लागलेला असो, त्याच्या अंगावरची एकेक जखम लांबी, रुंदी आणि खोलीसकट इंग्रजीत गेल्याशिवाय ते जागेवरून हलत नसत. चिरलेली, फाटलेली, ठेचलेली आणि भोसकलेली अशा चार जखमांना इंग्रजीत चार वेगळे शब्द आहेत, आणि ते चारी शब्द न चुकता वापरणारा माणूस साऱ्या कोर्टात एकच आहे, असं ते स्वतः कधी म्हणत नसत. दुसऱ्या कुणी म्हटलं तर मात्र हरकत घेत नसत.

दोन हजार तीन सालच्या एप्रिलातल्या एका रविवारी सकाळी त्यांच्या मुलीनं, संघप्रियानं, चहाच्या कपाशेजारी टाइप केलेली सात पानं आणून ठेवली. संघप्रिया इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. पानं इंग्रजीत होती. कुरण्यांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि कपाळाला आठी घालून विचारलं,

"कुठल्या ठाण्याची केस ही?"

संघप्रिया म्हणाली, कुठल्याच नाही.

"मयताचं नाव न्हाय. हत्याराचं वर्णन न्हाय. पंच कोण हुते?"

"आण्णा, ही गाणी हाईत," संघप्रिया म्हणाली.

कुरण्यांनी चहा बाजूला सारला. मुलगी कुठल्याशा ग्रुपात गाते हे त्यांना ठाऊक होतं. ग्रुप म्हणजे गॅदरिंगला असतो तसला ऑर्केस्ट्रा असणार, आणि गाणी चंद्र, सागर, वाट पाहणे अशा विषयांवर असणार, असा त्यांचा समज होता. समोरच्या कागदावर चंद्र होता, पण तो फोडलेल्या डोळ्याच्या खोबणीतून उगवत होता. सागरही होता, तो रक्ताचा होता आणि त्याची खोली दिलेली नव्हती.

मग सगळा उलगडा झाला. संगीताच्या या प्रकाराला डेथ मेटल म्हणतात. त्यात गाणं प्रेताचं असतं, गिटार यंत्रासारखं वाजतं आणि गाणारा पोटातून गुरगुरतो. ग्रुपचं नाव 'मरणोत्तर'. गिटारवर सम्राट, ड्रमवर अतुल, आणि गुरगुरणारी म्हणजे खुद्द संघप्रिया कुरणे. राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये पंधरा जूनला, रविवारी दुपारी चारला, त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम ठरला होता. त्याला परवाना लागत होता. गाणी परभाषेत असतील तर परवान्याच्या अर्जाला सक्षम भाषांतरकाराच्या सहीशिक्क्याचं मराठी भाषांतर जोडावं लागतं, असं परवान्याच्या कचेरीतल्या बाळासो नावाच्या कारकुनानं सांगितलं होतं. सबंध जिल्ह्यात या विषयातला सक्षम भाषांतरकार कोण, हे बाळासोला विचारायची संघप्रियाला गरज पडली नव्हती.

आता दुसरा कुणी बाप असता तर त्यानं आधी मुलीला विचारलं असतं, की तुझं डोकं ठिकाणावर आहे का. कुरण्यांनी विचारलं ते असं, की हे लिहिलंय कुणी. तिनंच लिहिलं होतं. मग त्यांनी पानावरच्या एका लांबलचक शब्दावर बोट ठेवलं. पोट फाडून आतडी बाहेर काढणे, एवढं सगळं एका शब्दात सांगणारा तो शब्द होता. कोर्टातल्या भल्याभल्या वकिलांना त्याचं स्पेलिंग येत नव्हतं.

"हे स्पेलिंग कुठं शिकलीस?"

"तुमच्या खालच्या ड्रॉवरमधल्या कार्बन कॉप्या," संघप्रिया म्हणाली. "चौथीपासनं वाचतोय मी."

कुरण्यांनी सातही पानं पुन्हा पहिल्यापासून वाचली. स्पेलिंगची एक चूक सापडली नाही. त्यांच्या छातीत काहीतरी फुगलं. तो अभिमान होता, पण विषय असा होता की चेहऱ्यावर तो नेमका कसा दाखवावा हे त्यांना समजेना. म्हणून ते उठले, आत गेले, आणि कोर्टाचं पेन घेऊन बाहेर आले.

भाषांतराला तीन आठवडे लागले. त्यातले दोन वादात गेले. पहिल्याच गाण्यात पहिल्या कडव्यात इसमाचा गळा चिरला होता आणि तिसऱ्या कडव्यात तोच इसम किंचाळत होता. कुरण्यांनी काम थांबवलं. चिरलेल्या गळ्यानं किंचाळता येत नाही, श्वासनळीतून नुसती हवा जाते, हे त्यांनी मुलीला चार जुन्या केसेसचे दाखले देऊन सांगितलं. संघप्रिया म्हणाली, आण्णा, ते गाणं आहे. त्यावर कुरणे म्हणाले, असू दे की, गाण्यातल्या माणसाला गळा न्हाय का? तिनं दोन दिवस गाल फुगवले आणि तिसऱ्या दिवशी ओळ बदलली. आता इसम किंचाळत नव्हता. त्याच्या उघड्या श्वासनळीतून वारा शीळ घालत होता. ही ओळ पहिल्यापेक्षा भयंकर आहे, असं सम्राटनं फोनवर कळवलं. कुरण्यांनी 'बरं' एवढंच म्हटलं, पण त्या दिवशी त्यांनी भाजी दोनदा मागून घेतली.

तयार झालेलं भाषांतर पुढं एवढं गाजलं, की त्यातलं थोडं इथं द्यायला हवं. 'आतड्यांचा उत्सव' या गाण्याचं पहिलं कडवं असं होतं: 'इसम नामे अज्ञात याचे पोट बेंबीच्या वर चार बोटे अंतरावर आडवे फाडलेले असून त्यातून आतडी बाहेर आलेली आहेत. सदर आतड्यांचे तोरण करून ते दाराच्या चौकटीस बांधलेले दिसते. सदर तोरणाखालून आम्ही आनंदाने ये-जा करीत आहोत.' खाली सही, शिक्का, तारीख.

याच सुमाराला संघप्रियाचा घरातला रियाज उघडपणे सुरू झाला. संध्याकाळी सहाला ती मागच्या न्हाणीघरात मिठाच्या पाण्यानं गुळण्या करी आणि मग अर्धा तास गुरगुरे. तो आवाज तिच्या एवढ्याशा देहातून कसा निघे, हे शरीररचनेचा एवढा अभ्यास असूनही कुरण्यांना सांगता येईना. आधी शेजारच्या अंबूबाईंनी ज्येष्ठमध पाठवलं. मग त्यांनी आल्याचा रस पाठवला. शेवटी त्या स्वतःच आल्या आणि कुरण्यांच्या पत्नीला, सरूबाईंना, बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, की पोरीला पौर्णिमेला नृसिंहवाडीला न्या. असली पुष्कळ तिथं सुटतात. सरूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं,

"आमची सगळी भुतं छप्पन्न साली दीक्षा घेतली तवाच सोडली, वैनी. ही इंजिनिअरिंगची हाय."

इकडं परवान्याचा अर्ज प्रवासाला निघाला होता. पहिल्यांदा तो परत आला तो 'मरणोत्तर' या नावामुळं. अर्जदार मयत असल्यास अर्ज वारसांनी करावा, असा त्यावर शेरा होता. कुरण्यांनी खुलासा जोडला. दुसऱ्यांदा अर्जाच्या विषयातला 'मेटल' शब्द कुणीतरी वाचला, पत्त्यात सम्राटच्या वडिलांचं शिवाजी उद्यमनगरातलं वर्कशॉप वाचलं, आणि धातूचा विषय म्हणून कागद उद्योगाच्या टेबलावर पाठवला. तिथल्या माणसानं 'डेथ' हा शब्द वाचला आणि तो मृत्यूच्या नोंदणीकडं लावला. कुरणे रोज जेवणाच्या सुट्टीत या टेबलावरून त्या टेबलावर जात आणि एकतीस वर्षांच्या सरकारी नोकराला शोभेल अशा अदबीनं उभे राहत. आपण स्वतः इतकी वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो, तेव्हा समोर उभं राहणाऱ्याला पाय असतात हे आपल्याला जाणवलंच नाही, असं त्यांना त्या दिवसांत फार वाटलं. बाळासो भला माणूस होता. तो म्हणे, साहेब, कागद पोचेल; आपल्याकडं हरवत काही न्हाय, फक्त फिरतं.

फिरता फिरता अर्ज आणि भाषांतर यांची टाचणी कुठंतरी निघाली. अर्ज बाळासोकडं परत आला. नुसतं भाषांतर, म्हणजे सही-शिक्क्याचे अकरा कागद, ज्यांवर अज्ञात इसमाचं पोट, गळा, कवटी आणि पांथरी, म्हणजे प्लीहा, यांचं सविस्तर वर्णन होतं, ते मृत्यूच्या नोंदणीवाल्यांनी वाचलं आणि तातडीनं पोलीस ठाण्यावर पाठवून दिलं.

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी सहाला कुरण्यांच्या दारात जीप थांबली. हवालदार पिराजी आणि दोन शिपाई उतरले. हवालदार वयानं पन्नाशीचा, अंगानं दांडगा आणि बोलायला सरळ होता. कुरणे बाहेर आले तसं त्यानं कागद पुढं धरला आणि विचारलं,

"पावणं, सही तुमचीच न्हवं? मग प्रेत कुठं हाय?"

कुरण्यांनी सांगायला तोंड उघडलं, पण तोवर कुंपणाशी गल्ली जमली होती आणि अंबूबाई पुढं आल्या होत्या. त्यांनी हवालदाराला अगदी मनापासून माहिती दिली, की गेला महिनाभर या घरातून रोज बरोबर सहाला कुणाचा तरी गळा दाबल्यागत आवाज येतो. आम्ही ज्येष्ठमध दिलं, पण उपयोग झाला नाही. त्यांचं बोलणं संपतं न संपतं तोच मागच्या न्हाणीघरातून तो आवाज आला. दोन्ही शिपाई जीपकडं सरकले. हवालदार मात्र कर्तव्याला चुकला नाही. दंडुका काढून तो मागं गेला आणि त्यानं न्हाणीघराचं दार ढकललं. आत संघप्रिया हातात मिठाच्या पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. हवालदारानं कोपरे पाहिले, बंबामागं पाहिलं, आणि बाकीचे कुठं आहेत म्हणून विचारलं. ती म्हणाली, मी एकटीच आहे. मग ऐकू काय आलं, असं त्यानं विचारल्यावर तिनं ते पुन्हा करून दाखवलं. हवालदार उलट्या पावलांनी अंगणात आला तो थेट अंबूबाईंच्या तुळशीपर्यंत गेला.

एवढं होऊनही कुरण्यांना जीपमध्ये बसावंच लागलं. एकतीस वर्षं ज्यांनी आरोपींचे जबाब इंग्रजीत केले, ते स्वतः दोन शिपायांच्या मध्ये बसून चौकातून गेले. वाटेत पानाच्या दुकानावर उभ्या असलेल्या एका वकिलानं त्यांना पाहून नमस्कार केला, आणि मग जीप कसली आहे ते लक्षात येऊन हात अर्ध्यावर थांबवला. तो अर्धा नमस्कार कुरण्यांना फार लागला.

ठाण्याच्या साहेबांनी अर्ज मागवला, टाचणी पुन्हा लावली आणि सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी ते अकरा कागद एकेक करून पुन्हा वाचले. वाचताना त्यांनी दोनदा मान डोलावली. शेवटी ते म्हणाले, की माझ्या ठाण्यात पंधरा माणसं पंचनामे लिहितात, पण जखम एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं अशी सरळ सांगत गेलेला एक नाही. त्यांनी दारातल्या हवालदाराला आत बोलावून कवटीचं कडवं मोठ्यानं वाचायला लावलं आणि याला पंचनामा म्हणतात, असं सुनावलं. कुरण्यांचा ताठा जागेवर आला. चौकातला अर्धा नमस्कार पूर्ण झाल्यासारखं त्यांना वाटलं.

त्या भरातच त्यांच्या हातून चूक झाली. साहेब म्हणाले, परवानगीला माझी हरकत नाही, फक्त एक अट आहे. जे लिहून दिलंय तेच गायलं जातंय, याचा दाखला हवा. हवालदार प्रत घेऊन हॉलमध्ये बसेल. त्याला इंग्रजी येत नाही, तेव्हा तुम्ही शेजारी बसून प्रत्येक गाण्यापुढं सही करायची. सही नाही तर कार्यक्रम बंद. कुरणे छाती काढून म्हणाले, अवश्य. आपण काय कबूल केलं, ते त्यांना दोन दिवसांनी सम्राटच्या वर्कशॉपवर गेल्यावर कळलं.

पंपाचे भाग करणारं ते वर्कशॉप होतं. पोरं तिथं रविवारी आणि एरवी काम सुटल्यावर वाजवत, कारण उद्यमनगरात त्यांच्या आवाजाला कुणी आवाज म्हणत नसे. पहिल्या दिवशी शेजारच्या शेडमधला फोरमन धावत येऊन, बेअरिंग गेलंय, मशीन बंद करा, असं सांगून गेला होता, तेवढंच. सम्राटचे वडील हंबीरराव यांनी पोराच्या स्पीकरसाठी स्वतः जाड फळ्यांची पेटी ठोकून दिली होती आणि तिला चाकं लावली होती. त्यांनी कुरण्यांना खुर्ची दिली आणि कापसाचे दोन बोळे दिले. कुरण्यांनी बोळे खिशात ठेवले. साक्षीदारानं कान झाकून चालत नाही.

सम्राटनं मान खाली घातली आणि सुरुवात केली. गिटारच्या जाड तारांवर एक चार-सहा सुरांचा तुकडा तळहातानं दाबून हाणायचा, आणि तोच परत परत, घणाखाली लोखंड यावं तसा आणत राहायचा, त्याला ही पोरं रिफ म्हणत. आवाज कानातून येईल म्हणून कुरणे तयारीत होते. तो कानातून आलाच नाही. तो उजव्या बाजूच्या सहाव्या आणि सातव्या बरगडीच्या मधून आत शिरला, फुप्फुसाच्या खालच्या कडेला लागला, आणि पाठीच्या कण्यातून वर चढून मानेच्या मागच्या केसांत संपला. कुठलंही हत्यार न वापरता एवढी सरळ वाट काढणारी गोष्ट त्यांनी एकतीस वर्षांत वाचली नव्हती. आपला उजवा पाय हलतो आहे हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी त्याच्यावर डावा ठेवला.

मग संघप्रिया गायला लागली आणि कुरण्यांना घाम सुटला. त्यांना एक अक्षर कळलं नाही. हातात प्रत होती, ओळ पाठ होती, शब्द त्यांनीच तपासलेले होते, आणि तरी ती कुठल्या गाण्यात आहे हे ओळखता येईना. थोडं स्पष्ट म्हण, असं त्यांनी सुचवलं. संघप्रियानं समजावून सांगितलं, की स्पष्ट म्हटलं तर ते हे गाणं राहत नाही. ते नंतर चार संध्याकाळी तिथं जाऊन बसले. चौथ्या दिवशी काही शब्द ओळखू येऊ लागले. पण ते ऐकल्यामुळं, की समोर लिहिलेले दिसतात म्हणून, याचा निवाडा त्यांना करता येईना. ऐकू न आलेल्या जबाबाखाली त्यांनी आजवर सही केली नव्हती. घरी परतताना बसस्टॉपवर त्यांनी मुलीला सांगून टाकलं,

"मला कळलं न्हाय, तर मी सही करणार न्हाय. पोरगी असलीस तरी न्हाय."

महिनाभर पोरांनी पत्रकं वाटली होती, सांगलीपासून बेळगावपर्यंतची पोरं येणार होती, आणि हवालदारानं मध्येच कार्यक्रम बंद केला तर पुन्हा तो हॉल त्यांना कुणी देणार नव्हतं. संघप्रिया म्हणाली, "नका करू, आण्णा. पण ऐकायला पुढंच बसा."

पंधरा जूनला हॉल भरला. अडीचशे पोरं, सगळी काळ्या शर्टांत, आणि पहिल्या रांगेत मधोमध मोतिया रंगाच्या साडीत सरूबाई, कानांत कापूस घालून, मांडीवर डबा घेऊन. त्यांच्या शेजारी हंबीरराव. रंगमंचाच्या कडेला, विंगेच्या तोंडाशी दोन खुर्च्या होत्या. एकीवर हवालदार पिराजी शिट्टी आणि अकरा कागद घेऊन बसला होता, दुसरीवर कोर्टाचा काळा कोट घातलेले कुरणे. काळा रंग असल्यामुळं ते पोरांत बरोबर मिसळून गेले होते.

'आतड्यांचा उत्सव' सुरू झाला. अतुलनं ड्रम हाणले, सम्राटची रिफ त्या दोन बरगड्यांमधून आत शिरली, आणि संघप्रियानं पहिली ओळ सोडली. हवालदारानं कुरण्यांकडं बघितलं. कुरण्यांनी कागदाकडं बघितलं. त्यांना काही कळलं नव्हतं. खोटं बोलायला एक मान हलवणं पुरे होतं, आणि समोर पोटची पोर होती. कुरण्यांनी हात वर केला. हवालदारानं शिट्टी मारली.

वाजवणं थांबलं. अडीचशे पोरं गप्प झाली. कुरणे कागद घेऊन उठले, माइकपाशी गेले, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडं बघून न्यायाधीश म्हणतात ते, एकतीस वर्षं ऐकलेलं वाक्य त्यांच्या तोंडून आपोआप निघालं,

"पहिली ओळ पुन्हा. सावकाश."

संघप्रियानं बापाकडं पाहिलं. मग तिनं पाय रोवले, आणि गिटारशिवाय, ड्रमशिवाय, एकटीनं ती ओळ पोटातून काढली. सावकाश, पण एक अक्षर साफ न करता. कुरण्यांनी डोळे मिटून घेतले, कागद दिसू नये म्हणून. त्या घोगऱ्या लोंढ्यात एक खाचखळगा त्यांना ओळखू आला, मग दुसरा. तो लांबलचक शब्द होता. त्यातले पाचही उच्चार जागच्या जागी होते. त्यांनी डोळे उघडले आणि प्रत बघून कोर्टात वाचतात तशा आवाजात वाचलं, "इसम नामे अज्ञात याचे पोट बेंबीच्या वर चार बोटे अंतरावर आडवे फाडलेले असून त्यातून आतडी बाहेर आलेली आहेत. बरोबर." आणि त्यांनी ओळीपुढं खूण केली.

सम्राटचे हात शिवशिवत असावेत. खूण झाल्याबरोबर त्यानं रिफ हाणली.

हॉलमध्ये जे झालं त्याचं वर्णन करायला कुरण्यांनाही शब्द सापडला नसता. पोरं खुर्च्यांवर चढली. कुरण्यांना वाटलं, दंगल झाली. त्यांनी माइकवरून सभागृहात शांतता राखायला सांगितलं, तर त्यालाही टाळ्या पडल्या. मग दुसरी ओळ झाली, तोरणाची. संघप्रिया गुरगुरली, कुरण्यांनी वाचलं, आणि 'बरोबर' हा शब्द त्यांच्याआधी अडीचशे गळ्यांनी म्हटला. तिसऱ्या ओळीला हवालदार पिराजीसुद्धा म्हणाला. 'सदर तोरणाखालून आम्ही आनंदाने ये-जा करीत आहोत' या वाक्याला मागच्या रांगा खरोखरच दारातून आत-बाहेर करू लागल्या.

दुसऱ्या गाण्यापासून कुरण्यांनी ओळीओळीला थांबवणं सोडलं. कडव्याच्या आधी ते मराठी वाचत आणि मग बाजूला होत. तिसऱ्या, चौथ्या गाण्याला त्यांनी कागद हवालदाराकडं दिला आणि नुसतं ऐकलं. सातव्या आणि शेवटच्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर, गिटार आणि ड्रम सगळ्यात जोरात असताना, कुरणे एकदम ताठ झाले आणि त्यांनी हात वर केला. शिट्टी झाली. सगळं थांबलं. कुरणे माइकपाशी आले.

"प्रतीत पांथरी हाय," ते म्हणाले. "तू लिव्हर म्हणालीस."

संघप्रियानं आठवून पाहिलं. चूक झाली होती. अतुलला कळलं नव्हतं, सम्राटला कळलं नव्हतं, ती ओळ लिहिणारीलाही कळलं नव्हतं. तिचं तोंड घामानं भिजलेलं होतं आणि त्यावर हळूहळू हसू येत गेलं. ती माइकमध्ये म्हणाली, की दुरुस्ती मान्य आहे, आणि तिनं कडवं पहिल्यापासून घेतलं. पांथरी आली तेव्हा हॉलचं छत उडायचं तेवढं राहिलं.

कुरण्यांनी विंगेत खुर्चीवर बसून, कागद गुडघ्यावर घेऊन, सातही गाण्यांपुढं सही केली. सगळं ऐकलं होतं, सगळं कळलं होतं, आणि त्यांचं पेन एकदाही अडखळलं नाही. हवालदारानं कागद नीट घडी करून खिशात ठेवले, कुरण्यांना सॅल्यूट ठोकला, आणि पुढचा कार्यक्रम असेल तेव्हा बंदोबस्ताला मलाच मागून घ्या, असं सांगून गेला.

सात वाजता हॉलच्या पायऱ्यांवर पोरांनी कुरण्यांना घेरलं. कुणी शर्टाची पाठ पुढं केली, कुणी पेन दिलं. सांगलीचा एक पोरगा, शिक्का आणलाय का, म्हणून विचारत होता. संघप्रियाचा आवाज पार बसला होता; ती बापाच्या कोटाची बाही धरून नुसती उभी होती. गर्दीतून वाट काढत सरूबाई आल्या. त्यांनी कानांतला कापूस कधीच काढून टाकला होता. सगळं मराठीतलं त्यांनी ऐकलं होतं, शब्द न् शब्द. त्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"एकतीस वर्षं तुम्ही हेच वाचत हुतासा?" त्यांनी विचारलं. "दिवसभर? आणि संध्याकाळी घरी येऊन गप जेवायचासा?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुरण्यांना कुणी विचारला नव्हता, आणि स्वतःला विचारायला त्यांना वेळ झाला नव्हता.

"जेवण चांगलं असायचं," ते म्हणाले.

सरूबाईंनी पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला, भर पायऱ्यांवर, अडीचशे पोरांसमोर. मग त्या पोरांकडं वळल्या, डबा काखेत मारला, आणि सांगितलं,

"सह्या उद्या घरी येऊन घ्या. आता साहेबांची जेवायची वेळ हाय."

पोरांनी दोन्ही बाजूंना सरून वाट करून दिली.